दगड फुटतो कसा, हत्यार घडते कसे: दख्खनच्या काळ्या दगडापासून गारगोटीच्या पात्यांपर्यंत

हातकुऱ्हाड पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कोरलेली वाटते. बदामाच्या आकाराचा काळा दगड, एका टोकाला निमुळता, दोन्ही तोंडांनी सारखा, कडेने नागमोडी धार. आपल्या डोळ्यांना सवय असते पाथरवटाच्या कामाची: छिन्नी टेकवायची, हातोडा मारायचा, कण कण उडवत हवा तो आकार काढायचा. पुराश्मयुगातली, म्हणजे जुन्या दगडी युगातली, हत्यारे अशी झालेली नाहीत. तिथे दगड कोरत नाहीत, फोडतात. आणि फोडतात ते तडा कुठून निघून कुठवर जाईल हे आधी ठरवून. घाव एका क्षणात होतो, नंतर त्याला दुरुस्ती नाही. निघालेली कपची परत चिकटवता येत नाही. म्हणून या कामात जोरापेक्षा कोनाला मान आहे, आणि कोनाइतकाच दगडाच्या जातीला.

हे समजावून घ्यायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. इथे एकाच नदीच्या काठी आधी काळ्या बेसॉल्टची मोठाली हत्यारे दिसतात, त्यावरच्या थरांत मुठीत मावणाऱ्या गारगोट्यांची छोटी हत्यारे, आणि त्याहून पुढे नखाएवढी पाती. हत्यार का बदलले हे विचारायचे असेल तर आधी दगड का बदलला हे पाहावे लागते.

तडा कसा धावतो

जाड काचेच्या खिडकीवर छर्रा लागला आणि काच पूर्ण फुटली नाही, तर एक गोष्ट दिसते. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र, आतून रुपयाएवढा खळगा. काचेतून शंकूच्या आकाराचा तुकडा निघून गेलेला असतो. बिंदूवर बसलेला मार घन पदार्थात असा शंकूसारखा पसरतो, मात्र एका अटीवर: पदार्थ सगळीकडून सारखा हवा. त्यात थर नकोत, मोठे स्फटिक नकोत, पोकळ्या नकोत.

आता तोच मार काचेच्या मधोमध न देता जाड तुकड्याच्या अगदी कडेशी द्या. शंकूच्या एका अंगाला पदार्थच नाही. तडा आत शिरतो, पण लगेच वळून बाहेरच्या पृष्ठाला समांतर धावू लागतो आणि खाली कुठेतरी बाहेर पडतो. एक पातळ, धारदार तुकडा सुटतो. हीच कपची. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत तिला छिलका असेही म्हणतात. ज्या दगडावरून ती निघाली तो गाभा.

कपचीच्या आतल्या तोंडावर, म्हणजे गाभ्याला चिकटलेल्या बाजूवर, सगळी हकिगत लिहिलेली असते. वर, जिथे घाव बसला तिथे छोटी सपाटी. तिच्या लगत खाली फुगवटा, तो त्या अर्ध्या शंकूचाच भाग. फुगवट्याखाली पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा लहरी, घावाच्या जागेपासून दूर दूर जाणाऱ्या. कधी फुगवट्यावरूनच एक छोटी खपली उडालेली असते. गाभ्यावर याचा उलटा ठसा राहतो: फुगवट्याच्या जागी खळगा आणि खाली लहरींचा व्रण. शिंपल्याच्या आतल्या भागासारखी ही वळणे दिसतात.

ज्वालाकाच (ज्वालामुखीची नैसर्गिक काच), चकमकीचा दगड आणि गारगोटीच्या जातीचे चर्ट, अकीक, कॅल्सेडनी हे दगड काचेसारखेच फुटतात. बारीक दाण्याचा क्वार्टझाइट आणि घट्ट बेसॉल्ट थोडे हट्टी, पण फुटतात त्याच नियमाने. ग्रॅनाइट, ग्नाइस, जांभा यांत हा तडा सरळ धावत नाही. कोकणातल्या जांभ्याची धारदार कपची निघत नाही ती यामुळेच. त्यात सगळ्या पोकळ्या.

कोन, खोली आणि कड

तीन गोष्टी सांभाळल्या की कपची निघते.

पहिली गोष्ट कोन. ज्या सपाटीवर घाव घालायचा ती, आणि ज्या तोंडावरून कपची निघायची ते, यांच्यामधला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. ६० ते ८० अंश सोयीचे. ९० च्या पुढे कोन गेला की कितीही जोर लावा, तडा दगडाच्या पोटात जातो, कड चुरते किंवा दगड दुभंगतो. नदीतला गुळगुळीत गोल गोटा फोडणे नवख्याला जमत नाही त्याचे कारण हेच. त्याला कुठेच कोन नसतो. असा गोटा आधी दुसऱ्या मोठ्या दगडावर ठेवून वरून फोडतात, आणि दोन तुकडे झाल्यावर फुटलेल्या तोंडाच्या कडेने काम सुरू करतात.

दुसरी गोष्ट खोली: कडेपासून किती आत घाव घातला. दोन-तीन मिलिमीटर आत मारला तर छोटी पातळ कपची, एक सेंटिमीटर आत मारला तर मोठी आणि जाड. जास्त जोर लावला की मोठी कपची निघते असे वाटते, ते खरे नाही. कपचीचे माप मुख्यतः कोन आणि खोली ठरवतात. जोर फक्त तडा सुरू होण्यापुरता लागतो. त्याहून अधिकचा जोर कड चुरण्यात वाया जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे कडेची तयारी. ताज्या फुटलेल्या कडेला पातळ लोंबता ओठ राहतो. त्यावर घाव बसला तर ओठच चुरतो आणि तडा आत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक घावाआधी खरबरीत दगडाने कड घासून बोथट करतात. धार करायला निघालेल्या माणसाने धार मारून टाकायची हे उलटे वाटते, पण या एका सवयीवर निम्मे काम अवलंबून आहे.

याखेरीज एक नियम. तडा उंचवट्यामागे जातो. आधीच्या दोन व्रणांमध्ये जी उभी कणी, म्हणजे उंच धारेसारखी रेघ, राहते तिच्या बरोबर वर घाव घातला तर कपची त्या कणीच्या लांबीइतकी लांब निघते. सपाट किंवा खोलगट तोंडावर ती आखूड आणि पंख्यासारखी पसरट निघते. म्हणजे प्रत्येक कपची निघताना पुढच्या कपचीचा रस्ता आखून जाते. फोडणाऱ्याने हा रस्ता एक-दोन घाव आधी पाहायचा असतो.

हे ज्ञान किती जुने आहे? केन्यात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी येथे ३३ लाख वर्षांपूर्वीचे फोडलेले दगड मिळाले, त्यांची माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ते बोजड आहेत. दगड खालच्या दगडावर ठेवून किंवा त्यावर आपटून फोडलेले. इथिओपियात गोना येथे २६ लाख वर्षांपूर्वी मात्र हातात धरून, कोन निवडून काढलेल्या कपच्या आहेत. केन्यातच लोकलालेई येथे सुमारे २३ लाख वर्षांपूर्वीच्या कपच्या संशोधकांनी परत एकमेकींना जुळवल्या. एका गाभ्यावरून पन्नासहून अधिक कपच्या निघालेल्या होत्या आणि कोन शेवटपर्यंत राखलेला होता. आंधळेपणाने मारणाऱ्याचा कोन पाच-सहा घावांतच संपतो. कान्झी नावाच्या बोनोबोला (चिंपांझीसारख्या वानराला) १९९० पासून कपच्या काढायला शिकवले गेले. त्याला धारदार तुकडा कशासाठी हवा हे नेमके कळले, तो दगड जमिनीवर आपटून तुकडे मिळवूही लागला, पण कोन राखून एकामागून एक कपच्या काढणे त्याला या जुन्या कारागिरांइतके जमले नाही.

साध्या कपचीला कमी लेखू नये. ताज्या बेसॉल्टच्या कपचीने हत्तीची कातडी कापून दाखवणारे प्रयोग झाले आहेत. लाखो वर्षे माणसाच्या पूर्वजांचे मुख्य हत्यार हेच होते. शिल्लक राहिलेला गाभा संग्रहालयात मानाने ठेवला जातो, पण पुष्कळदा तो उरलेला मालच असतो.

दगड पारखणे

भारतात पुराश्मयुगीन हत्याराची पहिली ओळख रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने ३० मे १८६३ रोजी चेन्नईजवळ पल्लावरम येथे पटवली. ते हत्यार क्वार्टझाइटचे होते. पुढे ठिकठिकाणी क्वार्टझाइटचीच हत्यारे मिळत गेली आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तो दगड नाही, म्हणून इथे आदिमानव राहिलाच नसावा असा समज बराच काळ होता. खरे तर मुंगी-पैठणजवळ गोदावरीच्या गाळात अकीकाची कपची एकोणिसाव्या शतकातच मिळाली होती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूरला आणि मग प्रवरेकाठी नेवाशाला काम केल्यावर तो समज पुरता मोडला. चुकीचे होते ते एवढेच: हत्यार कोणत्या दगडाचे असू शकते याची कल्पना.

दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. त्यातले सगळे थर कामाचे नाहीत. वायूच्या पोकळ्या असलेला सच्छिद्र दगड बाद. त्या पोकळ्या झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या असल्या तरी बाद, कारण तडा तिथे पोहोचला की अडखळतो. उघड्यावरचा बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो, ते बाहेरचे पापुद्रे मऊ असतात. आतला घट्ट, निळसर काळा गड्डा चांगला. त्याहून चांगला डाइकचा दगड, म्हणजे थरांना भेदून भिंतीसारखा उभा राहिलेला डोलेराइट. त्याचे कंगोरेदार धोंडे आपोआपच सुटलेले असतात, त्यामुळे घाव घालायला कोन तयार मिळतो.

पारख कानाने होते. धोंड्यावर छोट्या गोट्याने टक्कन मारा. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर आत अखंड. भद्द आवाज आला तर आत चीर आहे. सगळे काम करून झाल्यावर ती चीर शेवटच्या घावाला उघडी पडते, म्हणून संशयाचा दगड सुरुवातीलाच टाकून द्यावा. ताजी फूट पाहून दाणाही तपासावा. नुसत्या डोळ्यांना दाणे वेगळे दिसत असतील तर धार राहणार नाही.

धोंड्यापासून हातकुऱ्हाड

या हत्यारांच्या परंपरेला अश्यूलियन म्हणतात. नाव फ्रान्समधल्या सेंट अश्यूल या जागेवरून पडले, पण सर्वांत जुनी हत्यारे पूर्व आफ्रिकेत आहेत, सुमारे १७.६ लाख वर्षांपूर्वीची. युरोपात बऱ्याच हातकुऱ्हाडी चकमकीच्या गोट्यातूनच घडवल्या गेल्या. भारतातली रीत बहुतेक ठिकाणी वेगळी आहे: आधी भल्या मोठ्या धोंड्यावरून १० ते २० सेंटिमीटरची मोठी कपची काढायची आणि मग तिचे हत्यार करायचे. आफ्रिकेत आणि इस्रायलमधल्या गेशेर बेनोत याकोव या ठिकाणी बेसॉल्टवर हेच दिसते.

मोठी कपची आधी काढण्यात फायदा आहे. तिची दोन तोंडे आधीच बाकदार असतात, कडा आधीच धारदार, जाडी आधीच कमी. गोट्यापासून निघाले तर निम्मे श्रम केवळ जाडी उतरवण्यात जातात. तोटा इतकाच की पहिला घाव फार अवघड. २०-३० किलोचा धोंडा हातात धरता येत नाही. तो जमिनीवर तिरका बसवून खाली दगडांचा आधार द्यावा लागतो, आणि तीन-चार किलोचा घणासारखा गोटा दोन्ही हातांनी फिरवून कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत मारावा लागतो. आधार ढिला असला की धोंडा घावाबरोबर सरकतो, जोर जमिनीत जातो आणि कपची अर्ध्यातच तुटते.

पुढचे काम बसून करायचे. कपची डाव्या मांडीवर कातड्याच्या जाड तुकड्यावर धरायची. उजव्या हातात ४०० ते ८०० ग्रॅमचा लंबगोल गोटा. आता एका कडेवर घाव घालून खालच्या तोंडावरून छोटी कपची काढायची. तिथे जो व्रण पडला तो आता छान तिरपी सपाटी झाला. हत्यार उलटायचे आणि त्याच व्रणावर घाव घालून दुसऱ्या तोंडावरून कपची काढायची. परत उलटायचे. असे आलटून पालटून कडेने फिरत गेले की दोन्ही तोंडे एकदमच पातळ होतात आणि मध्ये नागमोडी धार उभी राहते. घावाचा परिणाम हत्याराच्या खालच्या बाजूला होतो हे लक्षात ठेवावे: वरच्या कडेला मारले की कपची खालून सुटते, धरणाऱ्या हाताच्या बोटांत.

एक बारकावा इथे अडवतो. धार दोन्ही तोंडांच्या बरोबर मध्यावर राहिली तर पुढचे घाव पातळ कपच्या देणार नाहीत. ज्या तोंडावरून कपची काढायची आहे त्या तोंडाकडे कड थोडी झुकवून घ्यावी लागते, मग ती घासायची, मग घाव. म्हणजे एका मोठ्या कपचीसाठी दोन-तीन छोट्या कपच्या निव्वळ तयारीच्या. जमिनीवर पडलेल्या चुऱ्यात म्हणूनच मोठ्या कपच्या मोजक्या आणि बारीक चुरा हजारोंनी असतो. गोट्यातून हातकुऱ्हाड करताना दगडाच्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा हत्यारात उरत नाही असे पुष्कळदा होते. सराईत हाताला चकमकीची हातकुऱ्हाड करायला अर्धा तास पुरतो, बेसॉल्टला अधिक घाम लागतो.

शेवटची सफाई दगडी गोट्याने नीट होत नाही. त्याचा मार एका बिंदूवर बसतो, त्यामुळे फुगवटा मोठा आणि व्रण खोल. हाड, कठीण लाकूड किंवा हरणाचे भरीव शिंग घेतले तर ते घावाच्या क्षणी किंचित दबते, कडेला पकडते आणि कपची सोलल्यासारखी लांब-पातळ निघते. इंग्लंडमध्ये बॉक्सग्रोव्ह येथे सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीचे हाडाचे आणि शिंगाचे असे हातोडे प्रत्यक्ष मिळाले आहेत. आपल्याकडच्या आम्लयुक्त किंवा कोरड्या-ओल्या मातीत हाडे सहसा टिकत नाहीत, तेव्हा व्रणांवरूनच अंदाज करावा लागतो.

हातकुऱ्हाडीबरोबर येते ती फरशी. तिला टोक नसते, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी आडवी सरळ धार असते. पाहायला हातकुऱ्हाडीपेक्षा ओबडधोबड, पण माझ्या मते कारागिरी इथेच जास्त दिसते. कारण त्या आडव्या धारेवर एकही घाव घातलेला नसतो. धोंड्यावरून आधी एक कपची काढून मोठा गुळगुळीत व्रण तयार करायचा, मग दुसरी मोठी कपची अशी काढायची की त्या व्रणाचा एक भाग तिच्या टोकाशी येईल. जुना व्रण आणि नवी फूट जिथे मिळतात ती फरशीची धार. नंतर फक्त दोन्ही बाजू ठोकून रुंदी आवरायची. हत्याराचा सर्वांत महत्त्वाचा भाग ते धोंड्यापासून सुटण्याआधीच तयार झालेला असतो. नेवाशाजवळ चिरकी येथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुड्रुन कॉर्विनस यांनी केलेल्या उत्खननात हातकुऱ्हाडी आणि फरश्या दोन्ही मिळाल्या.

कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला तर खाणच सापडली. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी ती खणली. तिथे चुनखडीच्या नैसर्गिक लाद्या सुटलेल्या आहेत. कारागीर हव्या त्या जाडीची लादी निवडायचे, म्हणजे पातळ करण्याचे कष्ट वाचले. हातोडे मात्र त्या दगडाचे नाहीत. ते बेसॉल्ट, क्वार्टझाइट अशा दुसऱ्या कठीण दगडांचे, बाहेरून आणलेले.

कुठे बिघडते

सर्वांत जास्त त्रास देते ती अर्ध्यात वळलेली कपची. तडा धावता धावता बाहेर वळतो आणि टोक धारदार निघण्याऐवजी जिभेसारखे गोल निघते. जोर कमी पडला, घाव बाहेरच्या दिशेने ओढला गेला, किंवा पुढे उंचवटाच नव्हता, यांपैकी काहीतरी झालेले असते. याचीच बहीण म्हणजे काटकोनात तुटलेली कपची, तिच्यामागे गाभ्यावर पायरी राहते. चूक एवढ्यावर थांबत नाही. नवखा त्याच जागेवर पुन्हा मारतो, दुसरी कपची त्याच पायरीपाशी अडकते, मग तिसरी, आणि हत्याराच्या मध्ये एक कुबड तयार होते जे पुढे कशानेच निघत नाही. जुन्या ठिकाणी अशी कुबड असलेली टाकून दिलेली हत्यारे सर्रास दिसतात. उपाय एकच: त्या बाजूने मारणे सोडायचे, समोरच्या कडेने लांब कपची काढून कुबडाच्या मुळाखालून तडा न्यायचा.

उलट टोकाची चूक म्हणजे तडा पार पलीकडे जाऊन समोरची कडही घेऊन जाणे. घाव फार आत आणि फार जोरात पडला की असे होते. आणि मन मोडणारी चूक म्हणजे जवळजवळ पूर्ण झालेले पातळ हत्यार मधून दोन तुकडे होणे. घाव एका टोकाला, तडा मध्यावर. हवेत धरलेले हत्यार घावाने थरथरते आणि ती थरथर त्याला मोडते. पातळ होत जाईल तसे त्याला मांडीवर अधिक घट्ट दाबून धरावे लागते.

काळा दगड मागे पडतो

नेवाशाच्या उत्खननात, जे सांकलिया आणि सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ मध्ये केले, आणि आसपासच्या नदीच्या थरांत एक स्पष्ट बदल दिसतो. खालच्या गाळात बेसॉल्टची मोठी हत्यारे. वरच्या गाळात चर्ट, जॅस्पर, कॅल्सेडनी यांची छोटी: तासण्या, टोचे, टोकदार कपच्या. या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांना नेवाशावरूनच नेवासियन नाव पडले.

हे सिलिकाचे दगड त्याच बेसॉल्टच्या पोटातून येतात. लाव्ह्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिका साठून गारगोट्या तयार होतात, बेसॉल्ट झिजतो, त्या नदीत येतात. धार बेसॉल्टपेक्षा कितीतरी चांगली आणि टिकाऊ. पण पोकळीचे जे माप तेच गारगोटीचे. मुठीत मावेल एवढ्या गोट्यातून २० सेंटिमीटरची फरशी कधीच निघणार नाही. म्हणजे हा दगड घेतला की हत्यार लहान करणे आलेच, आणि लहान हत्यार वापरायचे तर पुढे त्याला दांडा लावायची गरज आलीच.

लहान दगडातून हुकमी आकाराची कपची हवी असेल तर एक युक्ती आहे, तिला पॅरिसच्या लेव्हालवा उपनगराचे नाव मिळाले. गाभ्याच्या कडेने चहूबाजूंनी कपच्या काढून त्याची पाठ कासवासारखी बाकदार करायची, एका टोकाची सपाटी जपून तयार करायची, आणि एकच घाव घालून ती सगळी पाठ एका कपचीत सोलून घ्यायची. आकार गाभ्यावरच घडलेला, कपची निघताच हत्यार तयार. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कम येथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे २०१८ मध्ये दाखवले.

पाती

रुंदीच्या दुपटीहून लांब आणि समांतर कडा असलेली कपची म्हणजे पाते. एक किलो दगडातून सर्वांत जास्त लांबीची धार मिळवायची असेल तर पात्यांना तोड नाही. पण पहिले पाते काढायला सरळ उभी कणी लागते, आणि गारगोटीला ती नसते. म्हणून ती बनवतात. गोट्याच्या एका बाजूने दोन्हीकडे आलटून पालटून बारीक कपच्या काढत नागमोडी कणा उभा करायचा, मग त्या कण्याच्या डोक्यावर घाव. पहिले पाते त्रिकोणी छेदाचे, पाठीवर तो खडबडीत कणा घेऊन निघते. त्याच्या जागी दोन सरळ कण्या उरतात, त्यांवर पुढची दोन पाती, मग चार. गाभा शेवटी उभ्या पन्हाळ्यांच्या खांबासारखा दिसतो. जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे एस. ए. साळी यांनी खणलेल्या थरांत हा कपच्यांपासून पात्यांकडे आणि पुढे सूक्ष्मास्त्रांकडे, म्हणजे नखाएवढ्या दगडी हत्यारांकडे, जाणारा क्रम एकाखाली एक मिळतो. तिथेच शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवचही मिळाले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे.

तांबे आल्यावरही पाती गेली नाहीत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या शेतकऱ्यांनी, साडेतीन हजार वर्षांपूर्वी, कॅल्सेडनीची पाती याच कण्याच्या पद्धतीने काढली. तांबे दुर्मीळ, गारगोटी घोड नदीत फुकट. विळा करायचा तर चार-पाच छोटी पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवून डिंकासारख्या चिकट पदार्थाने पक्की करायची. एक तुटले तर तेवढेच बदलायचे. पात्याची एक बाजू मुद्दाम ठोकून बोथट केलेली असते ती याचसाठी, खाचेत आणि चिकटात तीच बाजू रुतते.

इतका छोटा गाभा हातात धरून गोट्याने अचूक ठोकणे कठीण. यावरचा एक उत्तम तोडगा गुजरातेत खंबातच्या अकीक कारागिरांकडे आजही आहे. जमिनीत लोखंडी सळई तिरकी रोवलेली असते. कारागीर दगडाची कड तिच्या टोकाला टेकवून धरतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने दगडालाच हलका मार देतो. घाव सळईच्या टोकापाशी उलटा बसतो, केसाइतका अचूक. अकीक आधी मडक्यात राखेत हळूहळू तापवतात. त्याने रंग लाल होतोच, शिवाय दगड अधिक सहज आणि गुळगुळीत फुटतो. उष्णता घाईने वाढवली किंवा गरम दगड लगेच बाहेर काढला तर त्यावरून वाटोळ्या झाकणासारख्या खपल्या उडतात आणि माल वाया जातो. या धंद्याचा दुसरा खर्चही सांगायला हवा: सिलिकाची धूळ फुप्फुसात साठून होणारा सिलिकोसिस. खंबातमध्ये त्याने अनेकांचा जीव गेला आहे.

नवाश्मयुगात, म्हणजे नव्या दगडी युगात, दगड टाचण्याची रीत आली. डोलेराइटची कुऱ्हाड आधी फोडून, मग टाचून, मग ओल्या कातळावर घासून गुळगुळीत करत. पाट्याला टाकी लावताना जे होते तेच ते टाचणे, दगड फुटू न देता त्याचा चुरा करत जाणे. घासलेली धार फोडलेल्या धारेपेक्षा बोथट असते, पण झाडावर घाव घालताना तुटत नाही.

माणसाने फोडलेला की नदीने?

पुरात गोटे एकमेकांवर आपटून कपच्या उडतात. ब्राझीलमधली कापुचिन माकडे दगडावर दगड मारताना नकळत कपच्या पाडतात, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे एकट्या कपचीवर निकाल देऊ नये. पाहायचे ते असे: व्रण तीन-चारपेक्षा जास्त आहेत का, ते एकाच कडेशी आणि सारख्या कोनात आहेत का, एका व्रणावरून दुसरा निघाला आहे का, कड घासलेली आहे का. नदीचे घाव कोनाकोनावर विखुरलेले असतात आणि वेगवेगळ्या वेळचे असतात, म्हणून एकाच दगडावर काही व्रण ताजे, काही गुळगुळीत झालेले दिसतात.

फोडल्याचे वय दगडावरून कळत नाही. बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, घाव कालचाही असू शकतो. वय काढतात ते थराचे. अत्तिरमपक्कमला गाडले गेलेल्या क्वार्टझाइटमधल्या अॅल्युमिनियम आणि बेरिलियमच्या किरणोत्सारी रूपांचे प्रमाण आणि थरांत टिकलेली जुनी चुंबकीय दिशा मोजून हातकुऱ्हाडी किमान १०.७ लाख वर्षांपूर्वीच्या ठरल्या. पुणे जिल्ह्यात बोरीला कुकडीच्या काठी हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख आहे. ती सुमात्रातल्या टोबाच्या ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की कित्येक लाख वर्षे जुनी, यावर संशोधकांत दीर्घ वाद झाला. हत्यारे तीच राहतात, पण राखेच्या वयाने त्यांचा अर्थ बदलतो.

म्हणून नदीकाठी असा दगड दिसला तर उचलू नये. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून दोन्ही तोंडांचे फोटो घ्यावेत, थर दिसत असेल तर तोही घ्यावा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.

स्वतः फोडून पाहायचे असेल तर खडी केंद्रावरचा घट्ट बेसॉल्ट किंवा जाड बाटलीचा बूड सरावाला चांगला. चष्मा, कातडी हातमोजे, मांडीवर कातडे आणि उघडी हवा, या चारांपैकी एकही सोडू नये. खाली ताडपत्री अंथरावी. निघालेला सगळा चुरा गोळा करून खड्ड्यात पुरावा आणि त्यात चालू सालाचे एक नाणे टाकावे, म्हणजे पुढे कोणी तिथे खणले तर त्याला ही कपच्यांची रास किती नवी आहे ते कळेल.